इलेक्ट्रॉनिक सामग्रीतील निर्बंधित घातक पदार्थांची चाचणी

विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणे ज्या प्लॅस्टिक, धातू, काच, सिरॅमिक, रंग, शाई इत्यादी द्रव्यांपासून बनतात, त्या द्रव्यांत कायद्याने मर्यादित केलेले विषारी पदार्थ किती प्रमाणात आहेत हे भौतिक व रासायनिक पद्धतींनी शोधून काढण्याच्या प्रक्रियेस निर्बंधित घातक पदार्थांची चाचणी असे म्हणतात. उद्योगक्षेत्रात ती 'रोह्स चाचणी' किंवा 'आरओएचएस चाचणी' या नावाने ओळखली जाते. हे नाव युरोपीय संघाच्या संबंधित निर्देशाच्या इंग्रजी शीर्षकातील आद्याक्षरांवरून पडले आहे. शिसे, पारा, कॅडमियम, षट्संयुजी क्रोमियम, दोन प्रकारची ब्रोमीनयुक्त ज्वालारोधके आणि चार थॅलेट संयुगे हे या चाचणीचे मुख्य विषय आहेत. चाचणीच्या पद्धती आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या आयईसी ६२३२१ या मानकमालेत निश्चित केलेल्या आहेत. भारतात ई-कचरा व्यवस्थापन नियमांन्वये अशाच मर्यादा लागू आहेत.

पार्श्वभूमी

इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील विषारी पदार्थ ती वस्तू वापरात असताना सहसा त्रास देत नाहीत. दूरचित्रवाणी संचाच्या काचेतील शिसे किंवा वायरीच्या आवरणातील कॅडमियम बाहेर पडते ते वस्तू भंगारात गेल्यावर. तांबे मिळवण्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात, सर्किट बोर्ड तापवून त्यांवरील डाख वितळवला जातो, सोन्यासाठी बोर्ड आम्लात बुडवले जातात. दिल्लीतील सीलमपूरसारख्या वस्त्यांमध्ये हे काम अनेक वर्षे हातांनी, कोणत्याही संरक्षक साधनांशिवाय होत आले आहे. शिशाचा परिणाम लहान मुलांच्या मज्जासंस्थेच्या वाढीवर होतो. कॅडमियम मूत्रपिंडात व हाडांत साठते. जपानमधील तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीच्या सांडपाण्यातील कॅडमियममुळे पसरलेला 'इताई-इताई' हा वेदनादायक आजार त्याचे परिचित उदाहरण आहे. पॉलिब्रोमिनेटेड बायफेनिल या ज्वालारोधकाचा धोका १९७३ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात उघड झाला. तेथे ते चुकून गुरांच्या खाद्यात मिसळले गेले आणि दूध व मांसाद्वारे मोठ्या लोकसंख्येपर्यंत पोहोचले.

कचऱ्यातून विष वेगळे करण्यापेक्षा ते मुळात वस्तूत घालूच नये, हा विचार यातून पुढे आला. तो कागदावरच राहणार नाही हे उद्योगजगताला २००१ च्या अखेरीस कळून चुकले. नाताळची विक्री ऐन भरात असताना नेदरलँड्सच्या अधिकाऱ्यांनी सोनी कंपनीचे सुमारे १३ लाख 'पीएस वन' खेळसंच अडवून ठेवले. संचाच्या जोडवायरींमध्ये डच कायद्यातील मर्यादेपेक्षा अधिक कॅडमियम आढळले होते. दोष संचाच्या मुख्य यंत्रणेत नव्हता, तर बाहेरून मागवलेल्या एका स्वस्त सुट्या भागात होता. पुरवठादारांकडून येणारा प्रत्येक भाग तपासण्याची पद्धत मोठ्या कंपन्यांत रुजण्यास ही घटना बऱ्याच अंशी कारणीभूत ठरली.

युरोपीय संघाने २००२/९५/ईसी हा निर्देश २७ जानेवारी २००३ रोजी संमत केला व तो १ जुलै २००६ पासून बाजारात येणाऱ्या वस्तूंना लागू झाला. त्याची जागा २०११ मध्ये २०११/६५/ईयू या निर्देशाने घेतली. या दुसऱ्या निर्देशामुळे घातक पदार्थांच्या मर्यादांचे पालन ही वस्तूवर 'सीई' चिन्ह लावण्याची एक अट बनली. २०१५ मधील दुरुस्तीने यादीत चार थॅलेट वाढवले गेले. ही वाढ बहुतेक उपकरणांना २२ जुलै २०१९ पासून, तर वैद्यकीय उपकरणांना व देखरेख-नियंत्रण उपकरणांना २२ जुलै २०२१ पासून लागू झाली. चीन, जपान, दक्षिण कोरिया इत्यादी देशांनी आपापले नियम केले असले, तरी मूळ सहा पदार्थ त्यांत बहुतांशी समान आहेत.

निर्बंधित पदार्थ व मर्यादा

कॅडमियमची कमाल मर्यादा वजनाच्या ०.०१ टक्के, म्हणजे दशलक्ष भागांत १०० भाग आहे. इतर सर्व पदार्थांसाठी ती ०.१ टक्के, म्हणजे १,००० भाग (पीपीएम) आहे.

शिसे पारंपरिक डाखात, पीव्हीसीच्या स्थिरीकारकात, पितळात व काचेत आढळते. कॅडमियम पिवळ्या-तांबड्या रंगद्रव्यांत, जुन्या प्रकारच्या मुलाम्यात आणि काही विद्युत स्पर्शकांत असते. पारा मुख्यतः दिवे व स्विच यांत, तर षट्संयुजी क्रोमियम जस्ताचा मुलामा दिलेल्या स्क्रू व पत्र्यांवरील पिवळसर, इंद्रधनुषी छटेच्या गंजरोधक थरात असते. पॉलिब्रोमिनेटेड बायफेनिल (पीबीबी) व पॉलिब्रोमिनेटेड डायफेनिल ईथर (पीबीडीई) ही प्लॅस्टिकला आग लागू नये म्हणून घातली जाणारी संयुगे आहेत. डीईएचपी, बीबीपी, डीबीपी व डीआयबीपी हे चार थॅलेट प्लॅस्टिकला, विशेषतः पीव्हीसीला, मऊ व लवचीक करण्यासाठी वापरले जातात. मऊ वायरीच्या आवरणात त्यांचे प्रमाण वजनाच्या कित्येक टक्क्यांपर्यंत असू शकते. त्यामुळे थॅलेटची मर्यादा ओलांडली जाते तेव्हा ती सहसा थोडीथोडकी ओलांडली जात नाही.

पीबीडीई वर्गातील डेका-बीडीई या संयुगाला युरोपीय आयोगाने २००५ मध्ये सूट दिली होती. युरोपीय न्यायालयाने १ एप्रिल २००८ रोजी ती रद्द ठरवली आणि १ जुलै २००८ पासून हे संयुगही मर्यादेखाली आले.

एकजिनसी द्रव्याची संकल्पना

या चाचणीतील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वाधिक गैरसमज होणारी बाब म्हणजे टक्केवारी कशाची काढायची ही होय. मर्यादा संपूर्ण उपकरणाला किंवा सुट्या भागाला लागू होत नाही; ती त्यातील प्रत्येक 'एकजिनसी द्रव्याला' स्वतंत्रपणे लागू होते. स्क्रू काढणे, कापणे, चिरडणे, दळणे, घासणे यांसारख्या यांत्रिक क्रियांनी ज्याचे वेगवेगळ्या द्रव्यांत विभाजन करता येत नाही, ते एकजिनसी द्रव्य. साध्या वायरीतही तांब्याची तार, तिच्यावरील कल्हई, प्लॅस्टिकचे आवरण आणि आवरणावरील छपाईची शाई अशी चार द्रव्ये निघू शकतात व चारही आपापल्या जागी मर्यादेत असावी लागतात.

हा नियम नसता तर चाचणीला अर्थ उरला नसता. समजा, ५० ग्रॅम वजनाच्या एका चार्जरमध्ये ०.१ ग्रॅम जुन्या पद्धतीचा डाख आहे व त्यात ३७ टक्के शिसे आहे. म्हणजे शिसे ३७ मिलिग्रॅम झाले. संपूर्ण चार्जर दळून त्याची भुकटी तपासली, तर शिशाचे प्रमाण केवळ ७४० पीपीएम येईल आणि चार्जर उत्तीर्ण ठरेल. डाख वेगळा काढून तपासला, तर तेच प्रमाण ३,७०,००० पीपीएम येते. मर्यादेच्या ३७० पट!

अडचण अशी की, सूक्ष्म भागांमध्ये द्रव्ये खरोखर वेगळी करणे जवळजवळ अशक्य असते. तांदळाच्या दाण्याहूनही लहान असलेल्या रोधकात सिरॅमिक, काच, धातूचा थर, निकेल व कथिल असे अनेक थर असतात. अशा भागांसाठी प्रयोगशाळा संपूर्ण भाग एकत्र दळतात आणि निष्कर्ष काढताना मिश्रणामुळे झालेल्या विरलीकरणाचा विचार करतात. मानकातही अशा 'संमिश्र' नमुन्यांसाठी वेगळे निकष दिलेले आहेत.

नमुना तयार करणे

आयईसी ६२३२१ ची पहिली आवृत्ती २००८ मध्ये एकाच ग्रंथाच्या रूपात निघाली. २०१३ पासून तिचे स्वतंत्र भाग प्रसिद्ध होऊ लागले. त्यांपैकी दुसरा भाग केवळ उपकरण उलगडणे व नमुना तयार करणे याविषयी आहे. कोणते भाग आधी तपासायचे हे धोक्याच्या शक्यतेवरून ठरते. मऊ केबल, रंगीत प्लॅस्टिक, डाखाचे सांधे, मुलामा दिलेले स्क्रू हे अग्रक्रमाने घेतले जातात. कोऱ्या पोलादी पत्र्यात पीबीडीई शोधण्यात कोणी वेळ घालवत नाही.

रासायनिक विश्लेषणासाठी नमुना बारीक करावा लागतो. प्लॅस्टिक दळताना तापून मऊ होते, म्हणून ते द्रवरूप नायट्रोजनने गोठवून ठिसूळ करतात व मग दळतात. कापण्याच्या व दळण्याच्या साधनांतूनही दूषण शिरते. स्टेनलेस पोलादाच्या पात्यातून क्रोमियम येऊ शकते आणि आधीच्या नमुन्याचा अंश यंत्रात राहिला तर पुढच्या निर्दोष नमुन्यावर ठपका येतो. थॅलेटच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच नाजूक आहे. प्रयोगशाळेतील प्लॅस्टिकचे हातमोजे, नळ्या, झाकणे यांतच थॅलेट असू शकतात. म्हणून काचेची भांडी वापरणे आणि प्रत्येक खेपेस नमुन्याविना 'कोरी' चाचणी करणे आवश्यक मानले जाते. शिवाय थॅलेट संपर्काने एका प्लॅस्टिकमधून दुसऱ्यात झिरपतात. मूळचा थॅलेटविरहित भाग मऊ पीव्हीसीच्या पिशवीत किंवा चटईवर दीर्घकाळ राहिल्यास दूषित होऊ शकतो.

क्ष-किरण प्रतिदीप्तीने प्राथमिक छाननी

चाचणीची पहिली पायरी बहुधा क्ष-किरण प्रतिदीप्ती वर्णपटमापनाची असते. इंग्रजी आद्याक्षरांवरून या पद्धतीला एक्सआरएफ म्हणतात. नमुन्यावर क्ष-किरण सोडले असता अणूच्या आतील कक्षेतील इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. ती रिकामी जागा बाहेरच्या कक्षेतील इलेक्ट्रॉन भरून काढतो आणि त्या वेळी ठरावीक ऊर्जेचा क्ष-किरण उत्सर्जित होतो. ही ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ओळख असते. क्रोमियमची मुख्य रेषा सुमारे ५.४१, पाऱ्याची ९.९९, शिशाची १०.५५, ब्रोमीनची ११.९२ आणि कॅडमियमची २३.१७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर असते. रेषेच्या तीव्रतेवरून प्रमाण काढले जाते. पद्धत जलद आहे, काही मिनिटांत उत्तर देते आणि बहुधा नमुना नष्ट करत नाही. हातात धरून वापरता येणारी यंत्रेही उपलब्ध असल्याने कारखान्याच्या माल-आवक विभागात ती नित्य दिसतात. क्ष-किरणांचा स्रोत असल्यामुळे भारतात अशा यंत्रांना अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम लागू होतात.

छाननीचा निकाल 'उत्तीर्ण', 'अनुत्तीर्ण' किंवा 'अनिर्णित' असा तीन प्रकारांत दिला जातो. प्लॅस्टिकमधील शिशासाठी मोजलेले प्रमाण ७०० पीपीएममधून मापनाच्या प्रमाण विचलनाची तिप्पट वजा केल्यावर येणाऱ्या आकड्याएवढे किंवा त्याहून कमी असेल, तर नमुना उत्तीर्ण. १,३०० मध्ये तेवढीच तिप्पट मिळवून येणाऱ्या आकड्याएवढे किंवा अधिक असेल, तर अनुत्तीर्ण. मधले सर्व अनिर्णित. कॅडमियमसाठी हे आकडे ७० व १३० असे आहेत. उदाहरणार्थ, शिशाचे मोजमाप ६५० पीपीएम आले आणि प्रमाण विचलन ३० असेल, तर उत्तीर्णतेची सीमा ६१० वर येते व नमुना अनिर्णित ठरतो. तोच नमुना अधिक वेळ मोजून विचलन १० पर्यंत खाली आणले, तर सीमा ६७० होते आणि तो उत्तीर्ण होतो. मोजमाप तेच राहूनही निकाल बदलतो, कारण बदलली आहे ती खात्री.

ब्रोमीन व क्रोमियम यांच्यासाठी एक्सआरएफमध्ये 'अनुत्तीर्ण' असा निकालच नसतो. हे यंत्र मूलद्रव्य ओळखते, संयुग नाही. प्लॅस्टिकमधील ब्रोमीन निर्बंधित पीबीडीईचे आहे की टेट्राब्रोमोबिसफेनॉल-ए या निर्बंध नसलेल्या ज्वालारोधकाचे, हे त्याला कळत नाही. सर्किट बोर्डांत हे दुसरे संयुग सर्रास वापरले जाते. म्हणून बोर्डात ब्रोमीन भरपूर सापडणे ही काही धक्कादायक बाब नव्हे. प्लॅस्टिकमधील ब्रोमीनची सीमा ३०० पीपीएम इतकी खाली ठेवण्याचे कारणही संयुगांच्या रचनेत आहे. डेका-बीडीईच्या वजनात ८३ टक्के ब्रोमीन असते, तर एकच ब्रोमीन अणू असलेल्या संयुगात ते ३२ टक्केच असते. म्हणजे १,००० पीपीएम पीबीडीईमागे ब्रोमीन ३२० पीपीएमपर्यंत कमी असू शकते. क्रोमियमचेही तसेच आहे. धातुरूप किंवा त्रिसंयुजी क्रोमियमवर निर्बंध नाही, फक्त षट्संयुजी अवस्थेवर आहे, आणि एक्सआरएफला हा भेद दिसत नाही. थॅलेट तर कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन यांचेच बनलेले असल्याने या यंत्राला पूर्णतः अदृश्य असतात. २०१९ नंतर केवळ एक्सआरएफच्या आधारे 'रोह्स-अनुरूप' असा शिक्का मारणे म्हणूनच अपुरे ठरते.

रेषांची सरमिसळ हा आणखी एक सापळा. आर्सेनिकची मुख्य रेषा १०.५४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर, म्हणजे शिशाच्या रेषेवर जवळजवळ तंतोतंत पडते. शिशाची दुसरी रेषा १२.६१ वर आहे, पण ब्रोमीन जास्त असेल तर तीही ब्रोमीनच्या दोन रेषांच्या मध्ये दबते. थरांमुळेही घोटाळे होतात. क्ष-किरण प्लॅस्टिकमध्ये खोल शिरतात, परंतु धातूत मायक्रोमीटरमध्ये मोजण्याइतकेच जातात. कथिलाचा पातळ मुलामा दिलेली पितळी पिन तपासताना किरण मुलामा भेदून पितळापर्यंत पोहोचतात व पितळातील शिसे मुलाम्याच्या नावावर जमा होते. मोजमाप खरे, पण निष्कर्ष चुकीचा, असा हा प्रकार आहे. यंत्राचे अंशांकन करण्यासाठी प्रमाणित संदर्भद्रव्ये वापरतात. युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राची पॉलिइथिलीनच्या दाण्यांच्या स्वरूपातील ईआरएम-ईसी६८० व ६८१ ही त्यांपैकी सुपरिचित आहेत. पॉलिइथिलीनवर अंशांकित केलेल्या यंत्राने पीव्हीसी मोजल्यास त्यातील क्लोरीन किरण शोषून घेते व उत्तर चुकते, त्यामुळे द्रव्यानुसार अंशांकन बदलावे लागते.

धातूंचे निश्चित मापन

छाननीत अनिर्णित ठरलेले नमुने रासायनिक विश्लेषणासाठी जातात. नमुना आम्लात पूर्ण विरघळवून द्रावणातील धातू अणुशोषण वर्णपटमापन किंवा प्रेरण-युग्मित प्लाझ्मावर आधारित उपकरणांनी मोजले जातात. प्लाझ्मा पद्धतीत द्रावणाचा तुषार हजारो अंश तापमानाच्या आर्गॉन प्लाझ्मात सोडतात. उत्सर्जित प्रकाश मोजल्यास त्या पद्धतीला आयसीपी-ओईएस, तर आयनांचे वस्तुमान मोजल्यास आयसीपी-एमएस म्हणतात.

येथे खरे कसब यंत्रात नसून विरघळवण्यात आहे. प्लॅस्टिक गंधकाम्लाने जाळून विरघळवले तर शिशाचे अविद्राव्य सल्फेट बनते, ते तळाशी बसते आणि शिसे कमी भरते. शिसेविरहित डाख केवळ नायट्रिक आम्लात टाकला तर कथिलाचा पांढरा साका तयार होतो. तो टाळण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल घातले तर डाखातील चांदी क्लोराइडच्या रूपाने खाली बसू पाहते. काचतंतू किंवा सिलिका असलेल्या नमुन्यांना हायड्रोफ्लुओरिक आम्ल लागते व ते हाताळण्यास अत्यंत धोकादायक असते. पारा बाष्पशील असल्याने त्याच्यासाठी बंद पात्रात, सूक्ष्मतरंग भट्टीत पाचन करतात आणि मापनासाठी बहुधा शीतबाष्प पद्धत वापरतात. भांड्याच्या तळाशी काही अवशेष उरला असेल, तर तो तसाच टाकून न देता त्यात लक्ष्य धातू राहिला आहे का हे पाहणे मानकानुसार आवश्यक आहे. कमी दर्जाच्या अहवालांत चूक सापडते ती बहुधा याच टप्प्यावर.

षट्संयुजी क्रोमियम

धातूवरील गंजरोधक थरासाठी वर्णमापन पद्धत वापरतात. साधारण ५० चौरस सेंटिमीटर पृष्ठभागाचा नमुना उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवतात. पाण्यात उतरलेल्या षट्संयुजी क्रोमियमची १,५-डायफेनिलकार्बाझाइडशी क्रिया होऊन लाल-जांभळा रंग येतो व त्याची तीव्रता ५४० नॅनोमीटर तरंगलांबीवर मोजली जाते. निकाल टक्केवारीत न देता क्षेत्रफळावर देतात. प्रति चौरस सेंटिमीटर ०.१० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असल्यास षट्संयुजी क्रोमियम नाही असे मानतात, ०.१३ पेक्षा अधिक असल्यास आहे असे मानतात, मधले अनिर्णित. वजनाऐवजी क्षेत्रफळ घेण्याचे कारण असे की, हा थर इतका पातळ असतो की त्याचे वजन विश्वासार्ह रीतीने काढता येत नाही. परिणामी कायद्यातील ०.१ टक्क्याशी या निकालाची थेट तुलना होत नाही. मानकाने हा व्यावहारिक तोडगा स्वीकारला आहे. थरातील क्रोमियमची अवस्था साठवणुकीतील उष्णता व आर्द्रतेनुसार बदलू शकत असल्याने नमुना किती जुना आहे यालाही महत्त्व असते.

प्लॅस्टिकमधील षट्संयुजी क्रोमियम अल्कधर्मी द्रावणात काढले जाते. आम्लात ते त्रिसंयुजी अवस्थेत उतरू शकते. जे शोधायचे तेच शोधता शोधता नाहीसे व्हायचे, असा तो प्रकार होईल.

ज्वालारोधके व थॅलेट

सेंद्रिय संयुगांसाठी वायुवर्णलेखन व वस्तुमान वर्णपटमापन यांची जोडपद्धत, म्हणजे जीसी-एमएस, वापरली जाते. पीबीबी व पीबीडीई यांच्यासाठी प्लॅस्टिकच्या भुकटीचे टोल्युइनमध्ये सॉक्सलेट उपकरणाने निष्कर्षण करतात. प्रत्येक गटात ब्रोमीनच्या संख्येनुसार व जागेनुसार २०९ संयुगे संभवतात. एक ते दहा ब्रोमीन असलेल्या सर्वांची बेरीज मर्यादेशी ताडून पाहिली जाते. डेका-बीडीई प्रकाशाने व उष्णतेने विघटन पावते. म्हणून तपकिरी काचपात्रे वापरतात आणि वर्णलेखनाचा स्तंभ आखूड ठेवतात, जेणेकरून जड रेणू तापलेल्या स्तंभात फार वेळ राहणार नाही. ही काळजी न घेतल्यास डेका-बीडीई कमी भरते आणि नमुन्यात मुळात नसलेली कमी ब्रोमीनची संयुगे दिसू लागतात.

थॅलेटसाठी नमुना टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये विरघळवून प्लॅस्टिकचा साका पाडतात किंवा सॉक्सलेट निष्कर्षण करतात. छाननीसाठी नमुन्याचा सूक्ष्म कण थेट तापवून निघणारी बाष्पे जीसी-एमएसमध्ये सोडण्याची पद्धतही मान्य आहे. बहुतेक थॅलेट वस्तुमान-वर्णपटात १४९ या एकाच प्रमुख आयनाने दिसतात. म्हणून केवळ त्या आयनावर विसंबून चालत नाही; स्तंभातून बाहेर येण्याची वेळ व इतर आयन जुळवूनच ओळख पक्की केली जाते.

निकालाचा अर्थ आणि सवलती

प्रयोगशाळेचा आकडा हा कायदेशीर निर्णय नसतो. युरोपीय निर्देशात अनेक सवलती आहेत. तांब्याच्या मिश्रधातूत ४ टक्क्यांपर्यंत शिसे चालते, त्यामुळे पितळी पिनेत ३ टक्के म्हणजे ३०,००० पीपीएम शिसे आढळले तरी ती पिन नियमबाह्य ठरत नाही. ८५ टक्क्यांहून अधिक शिसे असलेल्या उच्च वितलनबिंदूच्या डाखासाठी आणि इलेक्ट्रॉनिक भागांच्या काच-सिरॅमिकमधील शिशासाठीही सवलती दिल्या गेल्या आहेत. त्या मुदतबद्ध असून वेळोवेळी त्यांचे पुनरावलोकन होते व अटी बदलतात. भाग कोणत्या सवलतीखाली येतो हे चाचणी करणाऱ्याला ठाऊक नसेल, तर अहवाल दिशाभूल करू शकतो. बॅटऱ्यांसाठी वेगळा कायदा असून लष्करी व अवकाश उपकरणे या निर्देशातून वगळलेली आहेत.

या वगळलेल्या क्षेत्रात एक उलटी चाचणीही चालते. शुद्ध कथिलाच्या मुलाम्यावर काळाच्या ओघात केसासारखे सूक्ष्म धातुतंतू उगवतात व शेजारच्या दोन टोकांना जोडून मंडल बिघडवतात. कथिलात थोडे शिसे मिसळल्यास ही वाढ रोखली जाते. त्यामुळे उपग्रह किंवा संरक्षण सामग्री बनवणारे त्याच एक्सआरएफ यंत्राने मुलाम्यात किमान ३ टक्के शिसे *आहे* ना, याची खात्री करून घेतात.

शिसेविरहित डाखाकडे झालेल्या संक्रमणाची किंमतही लहान नव्हती. ६३ टक्के कथिल व ३७ टक्के शिशाचा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. त्याची जागा घेणारा कथिल, ३ टक्के चांदी व ०.५ टक्के तांब्याचा मिश्रधातू २१७ ते २२० अंशांना वितळतो. भट्ट्या, बोर्ड व सुटे भाग या वाढीव तापमानाला टिकतील असे घडवावे लागले.

उत्पादक प्रत्येक वस्तूची प्रत्येक चाचणी करतो असे नाही. ते खर्चाच्या दृष्टीने शक्यही नाही. पुरवठादारांची घोषणापत्रे, द्रव्यांची माहिती आणि निवडक चाचण्या यांची संचिका तयार करून ती वस्तू बाजारात आल्यापासून दहा वर्षे जपणे युरोपात बंधनकारक आहे. या कागदपत्रांचे स्वरूप ईएन आयईसी ६३००० या मानकात सांगितले आहे. एका खेपेचा अहवाल पुढच्या खेपेची हमी देत नाही. पुरवठादाराने रंगद्रव्य बदलले किंवा पुनर्वापरित प्लॅस्टिक मिसळले, तर जुना अहवाल निरुपयोगी होतो. पुनर्वापरित काळ्या प्लॅस्टिकमध्ये जुन्या दूरचित्रवाणी संचांच्या आवरणांतील ज्वालारोधके आढळल्याचे अनेक देशांतील तपासण्यांत दिसून आले आहे.

भारतातील स्थिती

भारतात ई-कचरा (व्यवस्थापन व हाताळणी) नियम, २०११ हे १ मे २०१२ पासून अमलात आले. त्यांत शिसे, पारा, कॅडमियम, षट्संयुजी क्रोमियम, पीबीबी व पीबीडीई या सहा पदार्थांच्या मर्यादा घातल्या गेल्या आणि त्या पाळण्यासाठी उत्पादकांना दोन वर्षांची मुदत देण्यात आली. २०१६ च्या नियमांनी ही तरतूद कायम ठेवली. सध्याचे ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू असून त्यांच्या अनुसूचीतील उपकरणांची संख्या पूर्वीच्या २१ वरून शंभराच्या पुढे गेली आहे. मर्यादांचे आकडे युरोपीय निर्देशाप्रमाणेच आहेत. चार थॅलेटचा समावेश मात्र भारतीय यादीत नाही. युरोपला निर्यात करणाऱ्या भारतीय उत्पादकास त्यामुळे देशांतर्गत नियमापेक्षा अधिक चाचण्या कराव्या लागतात.

अंमलबजावणीची जबाबदारी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे. मंडळ बाजारातून यादृच्छिक नमुने घेऊन तपासू शकते. नमुना मर्यादेबाहेर आढळल्यास उत्पादकाला ती वस्तू बाजारातून मागे घ्यावी लागते. २०१८ च्या दुरुस्तीनुसार अशा चाचणीचा खर्च शासनाने करावयाचा होता; वस्तू दोषी ठरल्यास मात्र तो उत्पादकाकडून वसूल करण्याची तरतूद होती.

पुण्यात मुख्यालय असलेल्या इलेक्ट्रॉनिकी सामग्री तंत्रज्ञान केंद्राच्या, म्हणजेच सी-मेटच्या, हैदराबाद येथील प्रयोगशाळेत या चाचण्यांची सुविधा आहे. ही केंद्र शासनाच्या अखत्यारीतील संशोधन संस्था असून तिची तिसरी प्रयोगशाळा केरळातील त्रिशूर येथे आहे. याखेरीज अनेक खासगी प्रयोगशाळा ही सेवा देतात. त्यांच्या अहवालाची विश्वासार्हता पाहताना राष्ट्रीय मान्यता मंडळाची, म्हणजे एनएबीएलची, मान्यता केवळ प्रयोगशाळेला आहे की त्या विशिष्ट पदार्थाच्या विशिष्ट पद्धतीला आहे, हे मान्यतेच्या व्याप्तिपत्रात तपासावे लागते. तसेच अहवालात नमुन्याचे छायाचित्र, तपासलेल्या प्रत्येक द्रव्याचे वर्णन, वापरलेल्या मानकाचा भाग व वर्ष आणि शोधमर्यादा नमूद असणे अपेक्षित असते. 'संपूर्ण संच: उत्तीर्ण' एवढाच शेरा असलेल्या कागदावरून कोणते द्रव्य तपासले गेले हे कळू शकत नाही.